गांडुळं, बटाटे आणि आर्लिसची सही

"तू स्वतःच स्वतःला घेतलंस!" वेंडेल ओरडला. "बापाला न विचारता!"

"मग कोणाला घेऊ? शेजाऱ्यांना?" काइसा म्हणाली.

"माझा कराचा कागद परत आला. सरकारच्या कॉम्प्युटरनं तोंडावर फेकला. का, तर म्हणे तुमच्या मुलीचं नाव आधीच कुणीतरी घेतलंय. मी म्हटलं, कोण हा हरामखोर? बघतो तर हीच!"

वेंडेलची बायको आर्लिस बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. शनिवारची दुपार होती, बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढला होता आणि अंगणापलीकडच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, सौनाच्या, धुरांड्यातून धूर निघायला लागला होता. अजून तासाभरात सौना तापेल, मग आधी बायका, नंतर पुरुष, आणि त्यानंतर बटाटा-मांस भरलेल्या गरम पास्टी. कोस्केला घराण्यात भांडण कितीही मोठं असलं तरी ते सौना तापेपर्यंतच चालायचं. म्हणून प्रत्येकजण जरा घाईत भांडत होता.

"बाबा, मी पाच वर्षं या घरात राहत नाही," काइसा म्हणाली. "पन्नास मैलांवर, लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहते. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. भाडं माझं, गाडी माझी, गाडीचा विमा माझा. आणि तू दरवर्षी कराच्या कागदावर लिहितोस, ही आमच्यावर अवलंबून आहे! पाचशे डॉलर सुटतात म्हणून!"

"नाताळला तुला बूट कोणी घेतले?"

"एक बूट मोठा होता, बाबा."

"दुसरा तर बरोबर होता ना!"

चुलीजवळच्या खुर्चीत वेंडेलचा थोरला भाऊ रेइनो टॉवेल खांद्यावर टाकून बसला होता. लग्न न केलेला, खाणीतून निवृत्त झालेला, दर शनिवारी सौनाला येणारा. तो कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते न बोलला असता तरी चाललं असतं. "बूट मी बदलून आणणार होतो," तो म्हणाला. "राहिलं."

भांडणाचं मूळ बुटात नव्हतं. काइसाला नर्सिंगच्या पूर्ण वेळच्या वर्गात जागा मिळाली होती. दोन वर्षं ती कामाच्या पाळ्या सांभाळून एकेक विषय घेत आली होती. या गतीनं नर्स होईपर्यंत ती ज्यांना आंघोळी घालते त्यांच्यात जाऊन बसली असती. आता जागा हातात होती, पण सरकारी मदतीचा अर्ज सोमवारी सकाळपर्यंत पूर्ण नसेल तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीची. आणि त्या अर्जाला आईबापांचं उत्पन्न लागत होतं. वेंडेल ते द्यायला तयार नव्हता. गेली दोन वर्षंही तो तयार नव्हता.

म्हणून काइसानं डोकं लढवलं होतं. जानेवारीतच तिनं आपला कर आपण भरला आणि 'मला दुसरं कोणीही अवलंबून म्हणून दाखवू शकत नाही' या चौकोनात खूण केली. तिला वाटलं, सुटले. करात स्वतंत्र, म्हणजे मदतीतही स्वतंत्र. अर्जावर फक्त स्वतःची कमाई, बापाचं तोंड बघायला नको.

"आणि कॉलेजच्या खिडकीवर काय म्हणाले?" आर्लिसनं विचारलं. तिला माहीत होतं, पण मुलीचं एकदा बोलून झालं की तिचा श्वास खाली बसतो हेही माहीत होतं.

"म्हणाले, बाळ, करवाल्यांचा हिशेब वेगळा, मदतवाल्यांचा वेगळा. करवाले विचारतात, तुझा खर्च कोण करतं, तू पूर्ण वेळ शिकतेस का, कमावतेस किती. त्यात मी स्वतंत्र. बाबा इतकी वर्षं माझं नाव घालत होता तेच चूक होतं."

"चूक!" वेंडेल म्हणाला. "माझी मुलगी माझी म्हणणं चूक!"

"आणि मदतवाले काही विचारतच नाहीत. चोवीस पूर्ण नाहीत ना, मग तू आईबापांवर अवलंबून. भाडं भर, विमा भर, चंद्रावर जाऊन राहा, त्यांना काही नाही."

"म्हणजे माझ्या कागदावर बसायचं तर नको," वेंडेल बोटं मोडत म्हणाला, "आणि माझे आकडे तर हवेत. वा! पाचशे डॉलर गेले ते गेले, वर इज्जत द्या!"

"चोविसाआधी सुटायला मार्ग नाही का?" रेइनोनं विचारलं.

"आहेत ना काका. लष्करात जायचं, मूल होऊ द्यायचं, अनाथ व्हायचं, नाहीतर लग्न करायचं."

रेइनोनं विचार केला. "पोस्टातला तो पोरगा बरा आहे. दात चांगले आहेत."

"सोमवारच्या आत, काका?"

"मग अनाथ," रेइनो म्हणाला आणि भावाकडे बघितलं. वेंडेलनं दारावरचा कोट ओढला आणि लाकडं आणायला म्हणून बाहेर गेला. लाकडं आत होती.

काइसा फ्रिजपाशी गेली. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण तेवीस वर्षं लटकलेलं होतं. फोटोत आर्लिस पलंगावर, कुशीत गुंडाळलेलं काहीतरी, आणि शेजारी वेंडेल दोन्ही हातांत डुकराच्या मांडीचा भलामोठा हॅम घेऊन हसतोय. खाली ओळ: 'गावातलं नव्या वर्षाचं पहिलं बाळ. वेळ बारा वाजून सात मिनिटं.'

"अर्जात काय विचारलंय माहितीय, आई? तुमचा जन्म एक जानेवारी दोन हजार दोनच्या आधी झाला आहे का? मी सात मिनिटांनी हुकले. सात! साडेअकराला जन्मले असते तर आज मला कोणाचीच सही लागली नसती."

आर्लिसची सुरी बटाट्यावर थांबली.

आर्लिस कोस्केला. वय बावन्न, गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं. रोज एकशेऐंशी पोरांची ताटं भरायची, आणि कोणाच्या घरी काय चाललंय हे दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या हातावरून ओळखायची. कोणाला कधी बोलली नाही. ज्याला घरी मिळत नाही त्याच्या ताटात डाव जरा खोल जायचा, एवढंच. स्वतःच्या घरात मात्र तिचा डाव फक्त पातेल्यापुरता. कागदपत्रं वेंडेलची. तो सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत बुटाच्या खोक्यात पावत्या ठेवायचा, दर फेब्रुवारीत तिथेच बसून कर भरायचा, आणि मग बोट ठेवून म्हणायचा, "इथे." आर्लिस तिथे सही करायची. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. ते बोट सोडून कागदावरचं काही तिनं पाहिलं नव्हतं.

आणि त्या सात मिनिटांचं खरं तिच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, तो आत्ता अंगणात नको असलेली लाकडं मोजत उभा होता. त्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर म्हणाले होते, "आता जोर लाव." आणि वेंडेल कानाशी येऊन म्हणाला होता, "आर्लिस, हार्डवेअरवाला पहिल्या बाळाला वर्षभराचे लंगोट देतोय. आणि हॅम. आणि बर्फाचं फावडं." लाकडाच्या गिरणीनं त्याला त्याच महिन्यात घरी बसवलं होतं. आर्लिसनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, दात आवळले आणि डॉक्टरांना म्हणाली, "आत्ता नको." डॉक्टर म्हणाले, असं नसतं बाई. आर्लिस म्हणाली, माझ्यात असतं. सत्तावीस मिनिटं तिनं काइसाला आत धरून ठेवलं. नंतर कुणीतरी सांगितलं की मूल एकतीस तारखेला झालं असतं तर त्या अख्ख्या वर्षाच्या करात सूट मिळाली असती, हॅमच्या कितीतरी पट. तेव्हा वेंडेल दोन दिवस जेवला नव्हता. तिसऱ्या दिवशी हॅम जेवला.

फावडं अजून होतं. दांडा तीनदा बदलला होता आणि पातं एकदा.

"सौना तापला," रेइनो म्हणाला.

आत माय-लेकी वरच्या फळीवर बसल्या. काइसानं तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ फुस्स करून वर आली, आणि दोघींचे चेहरे तांबडे झाले. सौनात माणूस खोटं बोलत नाही असं गावात म्हणत. खरं कारण असं की तिथे लांबलचक बोलायला दम पुरत नाही.

"मी तुला धरून ठेवलं होतं," आर्लिस म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. हॅमसाठी."

काइसानं आईकडे वळून पाहिलं. मग हसायला लागली. हसता हसता खालच्या फळीवर घसरली. "म्हणजे मी हॅमपायी परावलंबी आहे!"

"लंगोटही होते," आर्लिस म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, पण मुलीचं हसणं पाहून तिलाही हसू आवरेना. दोघी घामाघूम होऊन हसल्या.

मग काइसा गंभीर झाली. "आई, बाबा आकडे का देत नाही? चोर आहे का तो?"

"चोर असता तर पैसे असते," आर्लिस म्हणाली.

वेंडेलचा धंदा गांडुळांचा. मासेमारीला येणाऱ्यांना गांडुळं विकायची. गिरणी सुटल्यावर तळघरात त्यानं खोकी मांडली, खोक्यांत माती, मातीत गांडुळं, आणि डोक्यावर टोपी, तिच्यावर भरतकामात 'कोस्केला, गांडुळांचे घाऊक व्यापारी'. तळ्यावर नॉर्बर्ट पेल्टोचं आमिषाचं दुकान होतं, ते वीस वर्षं जुनं. वेंडेल त्याच्या दुकानासमोरून गाडी नेताना भोंगा वाजवायचा. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तीन दिवस वीज गेली. तळघर गोठलं. चाळीस हजार गांडुळं एका आठवड्यात गेली. वेंडेलनं गावात सांगितलं की विस्कॉन्सिनच्या एका मोठ्या पार्टीनं सगळा माल एकदम उचलला, रोख. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि त्या उन्हाळ्यात त्याच्या परसात बटाटे आले. बुटाएवढे. एक तर घोड्याच्या तोंडासारखा होता. वेंडेलनं हातगाडी भरून गावभर वाटले, चर्चमध्ये दिले, नॉर्बर्टच्या दारात पिशवी ठेवून आला.

"लव्हॉननं मला सांगितलं," काइसा म्हणाली. लव्हॉन म्हणजे नॉर्बर्टची बायको. कॉलेजच्या मदतीच्या खिडकीत ती बसायची, आणि आकडे तिच्या हाती पडतील म्हणून वेंडेलला तीच सलत होती. "ती म्हणाली, तुझ्या बाबांनी दिलेला बटाटा कापला तेव्हाच आम्हाला कळलं गांडुळं कुठे गेली. नॉर्बर्ट तर त्या दिवशी जेवताना मयताला आल्यासारखा टोपी काढून बसला होता."

आर्लिसनं आपल्या पायाच्या बोटांकडे पाहिलं. तिला तरी काय वेगळं कळलं होतं? जून महिन्यात बटाट्याची रोपं कंबरेएवढी पाहिली तेव्हाच. बोलली नव्हती. त्याच्या ताटात डाव जरा खोल गेला होता.

"म्हणजे गावाला माहीत आहे," ती म्हणाली.

"सगळ्या गावाला. एकट्या बाबाला माहीत नाही की गावाला माहीत आहे."

"आणि आईबापांनी आपला भाग भरावा म्हणून अर्जातून आमंत्रण जातं, ते तू कुणाला पाठवतेस?"

"बाबाला. दर वर्षी. तो उघडतच नाही."

"मला का नाही पाठवलंस?"

घाम पुसायचा म्हणून काइसानं टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. "कागद बाबा बघतो ना," शेवटी टॉवेलमधूनच म्हणाली.

"आमचा कर एकत्र भरलेला असेल तर काय?"

"एकत्रच असेल तर..." टॉवेल खाली आला. "दोघांपैकी एकाची सही पुरते. कुणाचीही एकाची. खिडकीवर भिंतीला लावलंय मोठ्या अक्षरांत. मी रोज बघत होते आणि बाबालाच शिव्या देत होते."

"मग त्याचं ते खोकं लागेल?"

"नाही गं. कराचे आकडे सरकारकडे आहेतच. आपण फक्त म्हणायचं, हो, घ्या."

आर्लिस उठली. इतर दिवशी ती तीनदा पाणी टाकून बसायची. आज एकदाच.

पुरुष सौनात पाऊण तास घ्यायचे. वेंडेलला वाफेत धंद्याच्या गप्पा मारायची सवय होती आणि रेइनोला ऐकत झोपायची. पास्टी भट्टीत गेल्या. आर्लिस ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, समोर काइसाचा लॅपटॉप. शाळेच्या स्वयंपाकघराच्या याद्यांसाठी तिला एक ईमेल दिलेलं होतं, त्यावर आजवर फक्त दूध उशिरा येणार असल्याचे निरोप यायचे. आज मुलीचं आमंत्रण आलं.

नाव. जन्मतारीख. लग्नाची तारीख, तिथे जरा अडलं, कारण ती वेंडेलच लक्षात ठेवायचा. मग पडद्यावर एक लांब परिच्छेद आला. काइसा म्हणाली, "हे सगळे न वाचता दाबतात."

"मी सत्तावीस वर्षं न वाचता केलं," आर्लिस म्हणाली आणि चष्मा लावला.

तिनं प्रत्येक ओळ वाचली. ओठ हलवत. पास्टीचा वास सुटला, सौनाच्या बाजूनं वेंडेलचं हसणं ऐकू आलं, काइसा खिडकीपाशी पहाऱ्याला उभी राहिली. "आई, जरा लवकर."

"डॉक्टरही असंच म्हणत होता."

मग तिनं बोट ठेवलं, स्वतःचं, आणि दाबलं.

काइसानं आपला भाग पूर्ण केला, पाठवला, आणि थोड्या वेळानं पडद्यावर एक आकडा आला. शिक्षणासाठी हे कुटुंब किती पेलू शकतं त्याचा सरकारी अंदाज. आर्लिसनं वाकून पाहिलं.

"उणे पंधराशे," ती म्हणाली. "म्हणजे आपण सरकारला पंधराशे देणं लागतो?"

"नाही, आई. म्हणजे आपल्याकडे काही नाही, आणि त्याच्याहूनही थोडं कमी. याच्या खाली ते मोजतच नाहीत."

"तळाला लागलो म्हणायचं."

"आई, तळ चांगला! तळाला पूर्ण मदत मिळते. मूर्खासारखी मी सुटायला बघत होते. स्वतंत्र असते तर माझ्या म्हाताऱ्यांच्या आंघोळीचा पगार बघून थोडं कापलं असतं. तुमच्यावर अवलंबून आहे म्हणून सगळं मिळतंय." तिनं टेबलावर थाप मारली. "बाबाच्या गांडुळांच्या जिवावर!"

आर्लिसनं त्या आकड्याकडे पुन्हा पाहिलं. पंधरा वर्षं तिला वाटत आलं होतं की आपल्याच हाताला बरकत नाही. पगार येतो आणि महिनाअखेर चिमटीतून पिठासारखा निसटतो, यात आपलंच काही चुकत असणार. तर धंद्यातून घरात काहीच येत नव्हतं. घर पोकळ, वासा गांडुळांचा. तिला राग यायला हवा होता. तिला आधी भूक लागली.

"आले," काइसा म्हणाली.

वेंडेल उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन आत आला, मागे रेइनो. वेंडेलची मनःस्थिती सौनानं सुधारली होती. "मी रेइनोला म्हटलं," तो टेबलाशी बसत म्हणाला, "पोरीला पैसे मीच देणार. कॉलेजला सांग, बाप देतो. उन्हाळ्यात विस्कॉन्सिनची ती पार्टी परत यायची आहे."

"कोणती पार्टी?" रेइनोनं विचारलं.

"अरे तीच, माल उचलला ती."

"माल मी उचलला," रेइनो म्हणाला. "तू खणत होतास, मी बादल्या ओतत होतो. बटाट्याच्या वाफ्यात. माझी पाठ अजून दुखते."

वेंडेलची टोपी खुंटीवर होती, तो तिच्याकडे बघायला लागला, जणू तीच काहीतरी बोलेल. मग हळूच म्हणाला, "पेल्टोला कळलं तर?"

"बाबा," काइसा म्हणाली, "त्यानं तुझ्या गांडुळांसाठी टोपी काढली होती. दोन वर्षांपूर्वी."

वेंडेलच्या कानापासून खाली लाली ओसरत गेली. "खरंच काढली?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात लाज होती आणि तिच्या खालून, न विचारता, थोडासा अभिमान डोकं वर काढत होता. "नॉर्बर्टनं? पूर्ण काढली?"

"पूर्ण."

आर्लिसनं भट्टीतून पास्टी काढल्या, एकेक ताटात ठेवली. वेंडेलच्या ताटातली सगळ्यात मोठी होती. मग तिनं ओटा पुसला, हात पुसले आणि उभ्याउभ्याच बोलली, शाळेत आज दूध नाही हे ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात.

"काइसा या घरावर अवलंबून आहे. मी तसं लिहून दिलंय आणि सही केलीय. तुझा कराचा कागद उद्या परत भरायचा, तिचं नाव काढून. यापुढे मी वाचल्याशिवाय कशावर सही होणार नाही. खोकं सौनातून स्वयंपाकघरात येईल. सोमवारी मी स्वतः मुलीबरोबर लव्हॉनच्या खिडकीवर जाणार आहे, आणि जाताना तिच्यासाठी बटाटे नेणार आहे. आता जेवा."